रेवणशेट मिटकरी यांची वही

मोडी शिकायला लागलो ते या एका वहीसाठी.
नारायण पेठेत, दुसऱ्या मजल्यावर, शनिवारचा वर्ग.
गुरुजींनी पान उजेडात धरलं, म्हणाले,
अक्षर माणसाचं नाही, घाईचं आहे.

पुठ्ठ्यावर विभूतीचं बोट. आत मीठ.
दुसऱ्या पानावरही मीठ.
मग काथ्या, बैलांचे नाल, हिंगाची डबी,
तेलाच्या घाण्यात चार आणे हिस्सा,
आणि नीरेवरच्या तरीचा मक्ता :
माणशी एक पैसा, शेळीला अर्धा, नवरी फुकट.
समासात बारीक : नवऱ्याकडून दोन घ्यावे.

टपालाची थैली दुकानातच उतरायची
म्हणून तो पोस्टमास्तर.
वाचता यायचं म्हणून पत्रंही तोच वाचायचा.
बातमी वाईट असली
की आधी हातावर गुळाचा खडा ठेवायचा.
पुढे पुढे लोक गूळ बघूनच रडायला लागले.

विंचू उतरवायचा. पंचांत बसायचा, पण उशिरा.
गावात घड्याळ एकच, त्याचं;
किल्ली द्यायला विसरला तर
सगळं गाव सावलीवर चालायचं.

आमची भामाआत्या सांगायची,
त्याचं मापटं आतून मेणानं लिंपलेलं होतं.
असेल.
मी वही उघडली तेव्हा मलाही
तो देव निघायला नको होता.

शके सतराशे अठ्ठ्याण्णवच्या कार्तिकात
मीठ थांबतं.
पुढची अकरा पानं एकच नोंद :
कोरं कापड, पाच हात.
नावाच्या जागी आडवी रेघ.
कोरं कापड, पाच हात. रेघ.
एका पानावर तीन हात. दुसऱ्यावर दोन.
दोन हात कापड कुणाला पुरतं
हे मी वर्गात मोठ्यानं वाचलं नाही.

रेघा मोजल्या. एकशे चौदा.
गुरुजींना विचारलं, एवढा हिशेबी माणूस,
नावं का नाही लिहिली?
त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला.
नाव लिहिलं असतं, म्हणाले,
तर कुणीतरी फेडायला आलं असतं.

शेवटी शेवटी अक्षर बदलतं.
गोल, सावकाश; मुलगा असावा.
कोरं कापड, पाच हात. रेवणशेट. रोख.

त्याखाली, त्याच शाईत,
मीठ, दोन गोणी.