वायसर

अमोस गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी
आमचा हापसा बसला.
दांडा वरखाली होई, पण पाणी नाही,
नुसता खोलातून आवाज,
दम्याच्या म्हाताऱ्याच्या छातीसारखा.

नवापूरच्या मंडळीने नऊ जण निवडले होते.
आठ शिकलेले, एक माझा नवरा,
कारण पाना कुणीतरी धरायला हवा होता.
झांबियात पाणी गढूळ आहे, पाळक म्हणाले,
पोरांची पोटं बिघडतात.
दोन पावसाळे आम्ही वर्गणी दिली त्यासाठी,
कुणी तूर, कुणी कोंबडी,
सासूने अंडी विकून एकशे दहा रुपये.
पासपोर्टच्या फोटोत अमोस चोर दिसतो.
स्टेशनात तो त्या बाकावर बसला
ज्याचा अर्धा भाग गुजरातेत आहे,
म्हणाला, बघ, परदेश इथूनच सुरू झाला.
सगळे हसले. मीही.
पाळकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला:
प्रभू, हा तहानेल्यांकडे निघाला आहे.
आमेन मी सगळ्यांइतकंच मोठ्याने म्हटलं.

चौथ्या दिवशी पंचायत समितीत फोन लावला.
साहेब म्हणाले, मेकॅनिक परदेशात गेलाय बाई.
म्हटलं, ठाऊक आहे, मी त्याचीच बायको.

दोन दिवस रंगावलीच्या वाळूत झिरे उकरले.
वाटीने भरायचं,
हंडा भरेस्तोवर ऊन डोक्यावर.
सासू म्हणाली, माझी अंडी कुठल्या देशात गेली गं?

अकरा वर्षं मी त्याच्या शेजारी उभी राहिलेय.
सतराचा दे, चोवीसचा दे, तेल ओत, धर.
तेवीस किलोच्या वर विमान घेत नाही
म्हणून मोठे शिकंजे घरीच राहिले होते.
सात बाया, शाळा बुडवलेली दोन पोरं
आणि अकरा पाइप.
पाचव्या पाइपाला सारुबाईने
अमोसच्या आईवरून शिवी घातली,
आई समोरच होती, दोर धरून,
म्हणाली, आधी ओढ, मग बोल.
तळाशी वायसर, चिंधी झालेला.
नवे चाळीस त्याच्यासोबत गेले होते,
माझ्या जुन्या लुगड्यात बांधून,
मीच मोजून दिलेले.

दारामागे त्याची चामड्याची चप्पल होती.

कापली.
रात्रभर शेंगदाण्याच्या तेलात ठेवली,
सकाळी वाटीवर ताणून दोऱ्याने आवळली.
बसवताना हात थरथरत होते,
भीतीने नाही, पाइप उचलून.
पाणी आधी लाल आलं,
मग चहासारखं,
मग पाण्यासारखं.

परतल्यावर रविवारी त्याने साक्ष दिली.
नवा शर्ट, बसलेला घसा.
म्हणाला, तिथला हापसा आपल्यासारखाच निघाला,
तोच दांडा, तीच साखळी,
लोखंडावर आपल्याच देशाचं नाव.
हात ठेवला आणि गाव आठवलं.
चौदा हापसे दुरुस्त झाले, तीन गावांत गाळणीच्या टाक्या.
एक बाई, म्हणाला, न बोलावता रोज यायची,
शेजारी उभी राहून पाने हातात द्यायची,
चौथ्या दिवसापासून मागावंही लागलं नाही.
पुढच्या रांगेत कुणीतरी डोळे पुसले.

रात्री मी विचारलं, तिचं नाव काय?
तो कौलांकडे बघत राहिला.
भाषा वेगळी ना, म्हणाला.

सकाळी दारामागे चाचपडत होता.
माझी चप्पल?
एक खाटेखाली आहे, मी म्हटलं,
दुसरी हापशात.

अनवाणीच गेला.
दांडा दोनदा दाबला, कान लावला,
पुन्हा दाबला,
बाया हंडे घेऊन गप्प उभ्या.
ओंजळ भरली, प्यायला.
चामड्याचा वास येतोय, म्हणाला.

येईल आठ दिवस.