बाण जाते कुठं

ती ओळ मीच लिहिली होती:
टाइप करताना बाण लपवा.
अक्षरांच्या आड येतो, एवढंच कारण.
आणि मजकुरातली उभी रेघ
जुनी काढून नवी रंगवली, बारीक, राखाडी,
एका ठिपक्याच्या जाडीची.
बैठकीत सगळ्यांना आवडली.

मग गांधीबागेतून फोन.
"हेडाऊ बोलून राहिलो. लग्नपत्रिका जुळवतो.
पोरी, तुमचा तो बाण
जाते कुठं?"

मे महिना, दुपारचे सव्वाबारा.
डोक्याला दुपट्टा गुंडाळून परसोडीहून निघाले.
दुकान म्हणजे जिन्याखालची जागा.
कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास,
कोपऱ्यांना हळद लावायचे राहिलेले गठ्ठे,
आणि पडद्याला नाक टेकेल इतक्या जवळ
नत्थूजी हेडाऊ.

वीस वर्षं त्यांची नजर कडांकडून आत आत सरकत आली.
आता पाइपातून पाहावं तेवढं उरलंय.
एका वेळी एक शब्द.
लांब आडनाव असलं तर दोन हप्त्यांत.

बाण हरवला की माउस हलवतात,
काडेपेटी कानाशी हलवून बघावी तसा,
आहे का आत एखादी.
मग डाव्या हाताचं बोट पडद्यावर ठेवतात
आणि उजव्याने टाइप करतात.
काचेवर त्या बोटाची तेलकट पायवाट,
वधूपित्याच्या नावापासून
मुहूर्ताच्या मिनिटापर्यंत.

मी म्हटलं, लपतो तो काका, जात नाही कुठे.
"ठाऊक आहे ना.
माहा बाप गोळीबार चौकात मागावर बसे.
धोटा सुताखाली गेला का त्यालेबी दिसत नसे.
पण इकून फेकला तर तिकून निघे.
हे तुह्यं इकून जाते
अन् कुठूनबी निघते."

मठ्ठा आला. मी तो पीत बसले.

आतल्या टेबलाशी त्यांची पुतणी, करुणा.
जन्मापासून डोळ्यांनी काहीच नाही.
पत्रिकांचं शुद्धलेखन तीच तपासते,
कानात स्क्रीन रीडर, पडदा बंद.
"वीज वाचते," म्हणाली.
जुन्या आवृत्तीत तिला अक्षर न् अक्षर ऐकू यायचं.
नव्यात मशीन गप्प.
बाणाच्या उजव्या-डाव्या कळा दाबून दाबून
तिने एका वराची आई गाळली होती.
ओरडा खाल्ला होता.

"तू रेघ रंगवली, ताई.
ठेवली नाही.
मले ते दिसणारच नाही, त्याचं काही नाही.
पण असाले तर पाह्यजे."

परतताना सिग्नलवर हेल्मेटच्या आत
हेच एक वाक्य गरम होत राहिलं.

रात्री मानेवाड्याच्या खोलीत, पंखा पाचवर,
माझ्या शोभिवंत रेघेखाली
खरी रेघ परत ठेवली.
कुणाला न दिसणारी,
विचारलं तर आपली जागा सांगणारी.
मग खिडकी काढली निवडीची:
जाडी. रंग. लुकलुक हवी का.
बाण लपावा की नाही,
ते आता ज्याचं त्याने ठरवायचं.

हेडाऊंनी काडीएवढी जाडी घेतली,
हळदीचा पिवळा, मागे काळा.
लुकलुक बंद.
"डोळा मारल्यावाणी करते," म्हणाले,
"या वयात बरं नाही."

नव्या आवृत्तीच्या माहितीत
या सगळ्याला जागा मिळाली अर्धी ओळ:
किरकोळ दुरुस्त्या.
तीही मीच लिहिली.

आठ दिवसांनी पुन्हा फोन.
मला वाटलं, दिसतं म्हणून सांगतील.
"ते रेघ ठीक आहे.
छापताना 'ळ' काऊन तुटून राहिला ते सांग.
सतरा तारखेचं लग्न आहे,
अन् मुलीचं नाव मृणाळ."