तिसरा कोन

आपण उजवी बाजू डावीकडे काढतो,
ते उजवीकडेच काढतात.
एवढ्यावरून आमचा पहिला प्रस्ताव परत आला,
सोबत एका ओळीचे आभार.

मग वाळूजच्या शेडमध्ये सतरा रात्री
मी एकोणचाळीस ड्रॉइंगं फिरवून काढली.
चिलखती गाडीच्या झाकणाची बिजागरी:
उणे चाळीस अंशांत गोठू नये,
खाली सुरुंग फुटला तरी
आतून एका हातानं उघडावी.
कुणाचा हात, ते तपशिलात नव्हतं.

इथं मे महिना. पत्रा तापलेला.
गफारभाईंनी नमुना
बजाजनगरच्या कुल्फीवाल्याच्या पेटीत
दोन दिवस ठेवला.
उणे वीसलाच थांबते ती पेटी.
"अर्धी थंडी तर खाऊन आली," म्हणाले,
आणि मायक्रोमीटर सदऱ्याला पुसला.

अर्जातला चौदावा रकाना: वापर कुठे होणार?
पुढे आधीच छापलेलं: लागू नाही.
मी भाव दोनदा खाली आणला.
तिसऱ्यांदा आणताना
स्वतःचा पगार वगळला.

काम कोरियाच्या कंपनीला गेलं.
पत्र पहाटे आलं, फार अदबीनं.

आता ती बिजागरी
शेडमागच्या संडासाच्या दाराला आहे.
उगं भंगारात कशाला, गफारभाई म्हणाले.
दार लागतं तेव्हा आवाज होत नाही.

परवा टँकरवाल्याचा पोरगा आत गेला
अन् बराच वेळ, एका हातानं,
नुसतं उघड-बंद करत राहिला.