फुलू दिलं तर

जर्सी बेटाच्या पश्चिम टोकाला, सेंट वाँच्या वाटेवर,
क्लेमाँ रेनूफच्या परसात
माणसाहून उंच कोबी उभा आहे.
गड्डा नाही. नुसता दांडा, नऊ-दहा फूट,
वर पानांचा झुबका.
खालची पानं रोज थोडी ओरबाडून तो गाईला घालतो,
त्यामुळे दांडा आणखी वर जातो,
जणू गाईपासून लांब पळतोय.

मी आलेय वर्गीकरणाचा तक्ता घेऊन.
कुल, प्रजाती, जाती: तिन्ही रकाने
शाईने भरून झाले.
चौथ्याशी पेन अडलं.

या उंच मंडळींना पुस्तकात 'अशीर्ष' म्हणतात.
क्लेमाँला सांगितलं, म्हणजे बिनडोक्याचे.
"मग आमच्याच घरातले," तो म्हणाला.

बहिणीने, एस्टेलने, टोपली ओट्यावर उपडी केली:
यात कोण कोणाचं लागतं, सांग बघू.

सगळं एकच, मी म्हटलं. जातच एक.
शेंड्याची कळी उमलायची राहिली
आणि आतल्या आत पान पानावर घट्ट बसत गेलं, तो कोबी.
बगलेतल्या कळ्यांनी तेच केलं, ते हे ब्रसेल्सचे लिंबाएवढे गड्डे.
जमिनीपाशीच दांड्याला बाळसं आलं, तो नवलकोल;
त्याचं नवल माझ्या भाषेने नावातच नोंदवून ठेवलंय.
आणि हा पांढरा, फुलायच्या उंबरठ्यावर थबकलेला,
याला आमच्याकडे फ्लॉवर म्हणतात.
अजून ज्याचं फूल झालेलं नाही, त्यालाच.

"मुळा?"
चुलत घराणं.
"मोहरी?"
भाऊबंद. वाटण्या कधीच्या झाल्यात,
पण आडनाव तेच.

एस्टेलने सुरी घेतली आणि नवलकोल सोलायला लागली.
मला तेव्हाच सुचलं ते मी बोलले नाही:
शास्त्राला फूल लागतं,
चुलीला ते यायच्या आत लागतं.
आपण कुठे थांबवलं
त्या थांब्याला नाव देतो,
आणि समजतो, भाजीला दिलं.

मग क्लेमाँ मला गोठ्यामागे घेऊन गेला.

तिथले वाफे एलीचे. धाकटा भाऊ.
ऑक्टोबरात गेला.
हिवाळाभर कोणी कापायचं ते ठरलं नाही,
विषयही निघाला नाही,
आणि आता मे महिना.
गड्डे मधोमध उकलून त्यांतून दांडे वर आलेले,
फ्लॉवरचा गोळा विस्कटून लांब लांब काड्या झालेल्या,
नवलकोल लाकूड.
आणि या सगळ्यांवर कमरेइतकी पिवळी गर्दी.
एलीने खोचलेल्या नावांच्या पट्ट्या
पावसाने पुसून कोऱ्या.

मी भिंग काढलं.
चार पाकळ्या, फुलीसारख्या.
सहा पुंकेसर: चार उंच, दोन बुटके.
पुढचं झाड. चार. सहा.
त्याच्या पुढचं.
तासभर वाकून मोजलं,
फुलावरून एकही ओळखता आलं नाही.

क्लेमाँ काठीने फांद्या बाजूला करत पुढे चालला होता.
काठी त्याच उंच कोबीच्या दांड्याची,
वर्षभर वाळवलेली, वॉर्निश केलेली.
हातात घेऊन पाहिली तर वजन बोरूएवढं,
आणि ती एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस पेलत होती.
तक्त्यात काठीसाठी रकाना नाही.

दाबून ठेवायला एक फुलोरा हवा होता.
विचारायला जड गेलं, पण विचारलं.
"कुठलाही घे," तो म्हणाला,
"तूच म्हणालीस ना, सगळी एकच जात."

मी कात्री पुढे केली
तर त्याने माझ्या हातातून घेतली
आणि वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला,
परत आला,
एकाशी थांबला, मान हलवली,
पुन्हा पहिल्यापासून बघायला लागला.

ऊन भिंतीवर चढलं.
एस्टेलने आतून दोनदा हाक मारली.
सूप निवत होतं.