पाठवणारा मीच असेन तर

समुद्र गोठला की हीउमा बेटाला
एस्टोनियाकडून रस्ता फुटतो,
आणि चॅटरूममध्ये जो तो विचारतो: बर्फ किती?

मी जावात बॉट लिहिला. नाव सील.
'बर्फ' शब्द दिसला की जाडी सांगायची.
चाळीस ओळी, कॉफी गार व्हायच्या आत चालू.

एक गोष्ट विसरले:
खोलीत जो बोलतो
त्यालाही त्याचं बोलणं परत ऐकू येतं.

रात्री दोनला हेनोने विचारलं, बर्फ किती?
बर्फ चोवीस सेंटीमीटर, सील म्हणाला.
ते त्यानेच ऐकलं
आणि इमानेइतबारे उत्तर दिलं:
बर्फ चोवीस सेंटीमीटर.
बर्फ चोवीस सेंटीमीटर.

सकाळी तीन हजार ओळी.
मी ओशाळून वर सरकवत गेले,
तर मधेच हेनो:
"लेएलो, तुझं पोर झोपेत बरळतंय."
मग चोवीस, चोवीस, चोवीस,
आणि त्या ढिगाखाली पुन्हा हेनो:
"तिसऱ्या खांबापाशी भेग आहे.
काठी पाण्यात गेली. येऊ नका."

पावाची गाडी सातला निघते.
सहा पन्नासला मी माइलाला फोन लावला.
"अगं, पण सील तर चोवीस म्हणतोय,
कितीदा तरी!"

"तो धक्क्यापाशी मोजतो," मी म्हणाले. "फक्त धक्क्यापाशी."

नंतर ती ओळ लिहिली,
आधी लिहायची होती ती:
पाठवणारा मीच असेन, तर मागे फीर.

संध्याकाळी हेनो: बर्फ किती?
चोवीस. एकदाच.
बराच वेळ खोली गप्प.
मग हेनो: "निजलं वाटतं."