बंद इंजिनं

कोरेगावच्या पुलाशी जमलो तेव्हा अकरा बुलेट होत्या,
वाठारकरांचं पंक्चर निघेस्तोवर तेरा झाल्या.
हवालदार केरबा फडतरे.
नाव आदल्या रात्री फोनवर कळलेलं,
ओळखत कुणीच नव्हतं.

ठरलं होतं, वेशीपासून स्मशानापर्यंत
सगळ्यांनी एकदम रेस द्यायची,
गाव हललं पाहिजे.

वेशीतच त्यांची सून आडवी आली.
"मामांना आवाज सोसत न्हाई," म्हणाली,
"एकाहत्तरपासनं. दिवाळीत कोठीत बसत्यात
कानाला उशी लावून."
मग गप्प झाली.
'बसत्यात' हे दुरुस्त करावं का,
तिला कळेना बहुतेक.

आम्ही चाव्या फिरवल्या.
पावणेदोनशे किलोचं धूड चढावर ढकलताना
घाम हेल्मेटमधून डोळ्यांत उतरतो.
चेनची कुरकुर, खडीवर टायर,
कुणाचा तरी सैल साइड स्टँड,
आणि पुढं तिरडी.

पोरं हसतील वाटलं होतं.
एकानं येऊन मागून हात लावला,
मग दुसऱ्यानं.

वसनेच्या काठाला धूर सरळ वर गेला.

परतताना फाट्यापर्यंत मी किक मारली नाही.
तिथंही मारवेना.
पण गॅरेज उघडायचं होतं.