दहापैकी सहा

कातोवित्सेत अजून कुणाच्याच हाती गेम आला नव्हता
तेव्हाच हाल्श्कानं त्याला दहापैकी सहा दिले.
घोडा भिंतीत अडकतो, म्हणाली,
आणि शेवट पोकळ आहे.

झालं. ट्राम डेपोतल्या बोगुमिलचं डोकं फिरलं.
सात वर्षं थांबलोय आम्ही,
हिला दोन रात्रींत काय कळणार?
जेवणाचा डबा उघडा ठेवून त्यानं जे लिहिलं
ते आईनं वाचलं असतं
तर भरल्या ताटावरून उठवलं असतं त्याला.
असे नऊ हजार जण.
हाल्श्कानं दारावरची नावाची पाटी काढली,
कुत्र्याला मागच्या गल्लीतून फिरवू लागली.

शुक्रवारी गेम आला.
बोगुमिलनं रजा टाकली, पडदे ओढले.
रविवारी पहाटे, बाहेर पहिली ट्राम खडखडली तेव्हा
त्याचा घोडा गिरणीच्या भिंतीत शिरला
आणि तिथंच राहिला.
शेपटी तेवढी बाहेर, हलत.

बराच वेळ तो बघत बसला.
हसूही आलं त्याला, खरं तर.
तेवढ्यात मित्राचा मेसेज: कसाय रे?

'एक नंबर,' बोगुमिलनं लिहिलं,
आणि घोड्याला तसाच सोडून
पायी निघाला.